धुराची झडती

२२ जानेवारी १८९८ च्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून घाट चढून देशावर आली. तिच्या वाटेवर करमाळा तालुक्यातले जेऊर होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी तिथे तळ ठोकला होता. पुण्यातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही आपली उपकरणे घेऊन जेऊरलाच आले होते. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंड मागे पडले की पुढे हे स्टेशन लागते. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याचा काळ जेमतेम दोन मिनिटांचा. तेवढ्यात त्याच्या कडेच्या उजेडाचा वर्णपट टिपायचा आणि त्यातल्या रेषांवरून सूर्याच्या वातावरणात कोणती मूलद्रव्ये आहेत ते वाचायचे, हे या मंडळींचे काम होते.

या विद्येचा पाया १८५९ च्या सुमारास जर्मनीत हायडलबर्ग इथे रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खहोफ यांनी घातला. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देते. चुलीत मिठाचे पाणी उतू गेले की ज्वाळ पिवळीधमक होते, तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, मग चूल शिरूरची असो की हायडलबर्गची. या दोघांनी एका रात्री प्रयोगशाळेच्या खिडकीतून, कित्येक किलोमीटर दूर मानहाइम शहरात लागलेल्या आगीवर वर्णपटदर्शक रोखला आणि ज्वाळांमध्ये बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ओळखले, अशी हकिगत सांगितली जाते. आगीजवळ न जाता, राख हातात न घेता आत काय जळते आहे ते कळले. या प्रकरणाचा विषय हाच आहे. फरक एवढा की आपल्याला सूर्याकडे पाहायचे नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत माणसे जी हवा छातीत भरून घेतात, तिच्यातल्या धुळीची आणि धुराची झडती घ्यायची आहे.

हे दोन तालुके निवडायला कारण आहे. घोड आणि भीमेच्या काठचा हा कमी पावसाचा, पण धरणांच्या पाण्यावर उसाने हिरवा झालेला टापू. शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत, तिथेच धोकादायक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा सामायिक प्रकल्प. दौंडच्या दक्षिणेला कुरकुंभ, तिथे रसायने आणि औषधांचे कारखाने. न्हावरे, पाटस, आलेगाव इथले साखर कारखाने. केडगाव, राहू बेट, यवत या पट्ट्यात गुऱ्हाळे. एकीकडे पुणे–नगर रस्ता, दुसरीकडे पुणे–सोलापूर महामार्ग, दौंडचे मोठे रेल्वे जंक्शन आणि त्यातच काळ्या बेसाल्टची वावरे आणि खडी क्रशर. इतक्या वेगवेगळ्या जातीचा धूर आणि धूळ इतक्या थोड्या जागेत एकत्र येते, की नुसते डोळ्यांनी पाहून कुणाचे काय हे सांगणे अशक्य होते. मग भांडण सुरू होते. कारखाना म्हणतो, धूळ रस्त्याची आहे. गुऱ्हाळवाला म्हणतो, आम्ही चिपाडच जाळतो. वाहतूकदार शेतातल्या पाचटाकडे बोट दाखवतो. प्रत्येकाचे थोडे खरे असते आणि म्हणूनच कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

हवेतल्या कणांचे माप आपण अजून मुख्यतः वजनाने करतो. एका घनमीटर हवेत १० मायक्रॉनपेक्षा लहान कण किती मायक्रोग्रॅम, हे पीएम १०. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान किती, हे पीएम २.५. भारताच्या २००९ च्या मानकांप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत पीएम १० ला १०० ची आणि पीएम २.५ ला ६० ची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी हीच मर्यादा १५ वर आणली. हे आकडे उपयोगाचे आहेतच. पण शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला मी एकच गोष्ट विचारेन. संकलन केंद्रावर तुमचे दूध नुसते लिटरवर घेतात का? फॅट आणि एसएनएफ लावल्याशिवाय पैसे ठरत नाहीत. हवेच्या बाबतीत मात्र आपण लिटर मोजतो आणि घरी जातो. पन्नास मायक्रोग्रॅम वावरातली माती आणि पन्नास मायक्रोग्रॅम शिसे-कॅडमियम मिसळलेला धूर, दोन्ही काट्यावर सारखेच भरतात. फुप्फुसात सारखे नसतात.

धुळीची जात ओळखायची तर तिच्यातली मूलद्रव्ये पाहावी लागतात. बेसाल्टची धूळ म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम आणि त्यांच्या जोडीला टायटेनियम. दख्खनच्या काळ्या दगडात टायटेनियम बऱ्यापैकी असते, त्यामुळे इथल्या मातीची ती चांगली खूण ठरते. ऊस, बगॅस, पाचट, लाकूड, जे जे झाडापासून आले ते जळले की सूक्ष्म कणांत पोटॅशियम वाढते. पोटॅश पिकाला घालतो, ते धुरातून असे परत दिसते. ब्रेकच्या घासणीतून तांबे, अँटिमनी, बेरियम आणि लोह येते. टायरच्या रबरात एक-दोन टक्के झिंक ऑक्साइड असते आणि रबर पक्के करायला गंधक, म्हणून टायर जळला की जस्त आणि गंधक. पीव्हीसी प्लास्टिकच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग, सुमारे ५७ टक्के, नुसता क्लोरीन असतो. शिवाय ते टिकावे म्हणून त्यात शिसे, कॅडमियम किंवा कथिलाची संयुगे घालण्याची पद्धत होती आणि जुन्या मालात ती आजही सापडतात.

आता गुऱ्हाळांकडे येऊ, कारण या तंत्राची खरी कसोटी तिथेच आहे. गुऱ्हाळ हा मूळचा अत्यंत शहाणा धंदा. उसाचा रस काहिलीत, त्याच उसाचे चिपाड चुलाणात, राख पुन्हा शेतात. बाहेरून काही आणायला नको. पण रस काढल्यावर चिपाड ओले असते. ते वाळायला जागा, ऊन आणि दिवस लागतात. काहील दिवसरात्र चालवायची तर चिपाड पुरत नाही. मग स्वस्त सरपण शोधले जाते. दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांत प्लास्टिकचा कचरा, रबर, जुन्या चपला जाळल्याच्या तक्रारी स्थानिक वर्तमानपत्रांत आल्या आहेत. शेजारच्या वस्तीवरची माणसे सांगतात की वास रात्री येतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. सकाळी अधिकारी येईपर्यंत चुलाणाच्या तोंडाशी चिपाडाचा ढीग असतो. मला या माणसांचे म्हणणे पटते, आणि त्यांच्या बाजूने पुरावा उभा राहावा म्हणून हे प्रकरण लिहावेसे वाटले.

पुरावा का उभा राहत नाही ते पाहा. हवेतली मूलद्रव्ये मोजण्याची प्रस्थापित रीत अशी: पंपाने हवा ओढायची, ती गाळणीच्या कागदातून न्यायची, कागद आधी आणि नंतर तोलायचा, मग तो प्रयोगशाळेत नेऊन ॲसिडमध्ये विरघळवायचा किंवा क्ष-किरणांखाली धरायचा. ही रीत वाईट नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई आणि कानपूर या सहा शहरांचा जो मोठा अभ्यास करवला, त्यात पुण्याचे काम एआरएआय या संस्थेने याच मार्गाने केले. त्यातून शहरातल्या धुळीचे वाटेकरी कळले. पण राष्ट्रीय हवा निरीक्षण कार्यक्रमात हाताने घेतले जाणारे नमुने आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४, अशा हिशेबाने घेतले जातात. आणि एका नमुन्यात पूर्ण चोवीस तास एकत्र होतात.

हे चोवीस तास घात करतात. कागदावर एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या वस्तीवर रात्री एक ते तीन या दोन तासांत हवेतले शिसे घनमीटरला २.४ मायक्रोग्रॅमवर गेले आणि उरलेले बावीस तास ते ०.०२ वर होते. चोवीस तासांची सरासरी येते सुमारे ०.२२. मर्यादा आहे १.०. अहवाल म्हणेल, सर्व काही ठीक. ज्या घराच्या खिडकीतून तो धूर आत आला, तिथल्या झोपलेल्या पोराने मात्र दोन तास मर्यादेच्या दुपटीहून जास्त शिसे श्वासात घेतलेले असते. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि धूर वर जातच नाही. गाळपाचा हंगामही नेमका त्याच दिवसांत.

शहरांतल्या स्वयंचलित केंद्रांवर आता दर तासाला पीएमचा आकडा मिळतो. त्या यंत्रात बीटा किरण धुळीच्या ठिपक्यातून सोडतात आणि ते किती अडले यावरून वजन काढतात. म्हणजे वेळ कळते, पण घटक कळत नाहीत. प्रयोगशाळेत घटक कळतात, पण वेळ हरवते. दोन्ही एकदम हाती यायला हवे असेल तर मूलद्रव्याची ओळख जागच्या जागी, मिनिटांत पटली पाहिजे. इथे लेसर येतो.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये चालवला आणि दोन-तीन वर्षांतच लोकांनी त्याच्या ठिणगीचा वर्णपट पाहायला सुरुवात केली. या तंत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून लिब्स म्हणतात. आपल्याकडे हे नाव घरोघर पोचले ते ऑगस्ट २०२३ मध्ये. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर बंगळूरच्या लिऑस प्रयोगशाळेत बनलेले लिब्स उपकरण होते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीवर त्याने लेसर मारला आणि ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटेनियम यांच्या रेषांबरोबर गंधकाची रेषाही दाखवली. मंगळावर नासाचे क्युरिऑसिटी रोव्हर २०१२ पासून हेच करत आहे. हवेतल्या कणांवर हे तंत्र नीट बसवून दाखवले ते अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या लिऑन रॅडझिएम्स्की, डेव्हिड क्रेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा शोधनिबंध १९८३ सालचा आहे. चंद्रावर जाण्याच्या चाळीस वर्षे आधी ही ठिणगी धुळीसाठी पेटली होती.

एका ठिणगीत काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. लेसर बहुधा निओडिमियमचा असतो, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा. त्याचा एक स्पंद सुमारे दहा नॅनोसेकंद टिकतो. ऊर्जा फार नसते, समजा एक दशांश ज्यूल. पण ती इतक्या थोड्या वेळात बाहेर पडते, की त्या क्षणापुरती शक्ती एक कोटी वॅट होते. भिंगाने हा झोत टाचणीच्या अग्राहून लहान जागेत आणला की तिथली हवा फुटते. इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटतात, ‘टच्च’ असा आवाज येतो आणि पांढरीशुभ्र ठिणगी दिसते. हा प्लाझ्मा. त्याचे तापमान दहा हजार अंशांच्या वर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक. त्या जागेत धुळीचा कण सापडला तर क्षणात त्याची वाफ होते आणि त्याचे अणू सुटे होऊन तळपू लागतात.

मात्र पहिल्या क्षणी काहीच वाचता येत नाही. प्लाझ्माचा स्वतःचा पांढरा झगमगाट इतका असतो की सगळ्या रेषा त्यात बुडतात. म्हणून कॅमेरा मुद्दाम उशिरा उघडतात, एक मायक्रोसेकंदाने, कधी दहा-वीस मायक्रोसेकंदांनी. तोवर झगमगाट विझतो, अणू मात्र अजून आपापला रंग देत असतात. मग वर्णपटावर रेषा उमटतात. कॅल्शियमची जांभळी जोडी ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरला, शिसे ४०५.८ ला, सोडियम ५८९ ला, पोटॅशियमची गडद लाल जोडी ७६६ आणि ७७० च्या आसपास. तांबे ३२५ जवळ, अतिनील भागात. लॉस अलामोसच्या मंडळींनी १९८३ मध्ये हे वेळेचे गणितच पक्के बसवले आणि त्यामुळे हे तंत्र कामाचे झाले.

पण हवेत नेम धरणे अवघड. हिशेब सोपा आहे. हवेत मर्यादेइतके, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम कण आहेत, सगळे अडीच मायक्रॉनचे आहेत आणि त्यांची घनता पाण्याच्या दुप्पट आहे असे धरू. एका कणाचे वजन येते सुमारे १६ पिकोग्रॅम आणि घनमीटरमागे कण भरतात सुमारे ३७ लाख. ऐकायला खूप वाटतात, पण घनसेंटिमीटरमागे ते चारसुद्धा नाहीत. ठिणगीची जागा एक घनमिलिमीटर धरली तर साधारण २७० ठिणग्यांमागे एका कणाला धडक बसते. सेकंदाला दहा ठिणग्या पाडल्या तर अर्ध्या मिनिटाला एक कण. बाकी सगळे वार हवेत. खरे कण बहुतेक याहून लहान असतात. त्यांची संख्या जास्त, पण प्रत्येकातला माल इतका कमी की रेषा दिसणे कठीण. फ्लोरिडा विद्यापीठातल्या डेव्हिड हान यांनी यावर एक शहाणपणाचा मार्ग काढला: सगळ्या ठिणग्यांची सरासरी काढायची नाही, ज्या ठिणगीत कण सापडला तेवढ्याच वेचून त्यांचा हिशेब करायचा आणि किती टक्के ठिणग्यांत तो सापडला यावरून प्रमाण काढायचे.

दुसरा मार्ग म्हणजे कणांची वाट पाहण्याऐवजी त्यांना गोळा करणे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेतले प्रसून दिवाकर, प्रमोद कुलकर्णी आणि आयलीन बर्च यांनी २०१२ मध्ये अशी रीत मांडली. कणांना विजेचा भार द्यायचा, बारीक इलेक्ट्रोडच्या टोकावर त्यांना काही मिनिटे जमू द्यायचे आणि मग त्या टोकावर लेसरचा स्पंद मारायचा. टोक साफ होते, वर्णपट मिळतो, पुढची फेरी सुरू. हे काम वेल्डिंगसारख्या ठिकाणी कामगार जी हवा घेतात, ती डोळ्यांसमोर ठेवून केलेले. काही मिनिटांची चाल आणि नॅनोग्रॅमच्या पातळीची पकड, या दोन गोष्टींमुळे मला आपल्या तालुक्यांसाठी हीच वाट सर्वांत व्यवहाराची वाटते.

लेसरचा तिसरा उपयोग याहून वेगळा आहे. अमेरिकेत किंबर्ली प्रॅदर यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या यंत्रात एकेक कण निर्वात नळीतून धावतो. दोन लेसर किरण ओलांडायला त्याला किती वेळ लागला यावरून त्याचा आकार कळतो. मग २६६ नॅनोमीटरचा अतिनील स्पंद त्याला नेमक्या क्षणी गाठून फोडतो आणि सुटलेले आयन वजनाप्रमाणे वेगळे केले जातात. इथे रंग पाहायचा नसतो, थेट अणूंचे वजन पाहायचे असते. पोटॅशियम ३९ वर दिसते. शिसे २०६, २०७ आणि २०८ अशा तीन शेजारी खुंट्यांवर. क्लोरीन ३५ आणि ३७ वर, पहिली खुंटी दुसरीच्या तिप्पट उंच. ही तिपटीची जोडी दिसली की दुसरे काही मानायला जागा राहत नाही.

क्लोरीनवर मी जोर देतो, कारण लिब्सची तिथे अडचण आहे. क्लोरीनची वाचण्याजोगी रेषा ८३८ नॅनोमीटरजवळ, अवरक्त भागात, आणि उघड्या हवेत ती फिकी पडते. गंधकाचेही तसेच. हेलियम किंवा आर्गॉन वायूच्या झोतात ठिणगी पाडली तर सुधारणा होते, पण यंत्र अवघड होते. धातू पकडायला लिब्स आणि क्लोरीन पकडायला कणांचे वजन करणारे यंत्र, अशी जोडी केली तर चुलाणात काय गेले ते लपत नाही.

लपत नाही म्हणताना एक सावधगिरी हवी. नुसता क्लोरीन सापडला म्हणजे प्लास्टिक जाळले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उसाच्या चिपाडातही थोडा क्लोरीन असतो आणि तो धुरात पोटॅशियमच्या जोडीने, पोटॅशियम क्लोराइड म्हणून येतो. त्यामुळे पाहायचे ते प्रमाण. पोटॅशियमच्या वाट्याचा क्लोरीन वजा जाता खूप उरतो का? त्याच तासाला जस्त वर गेले का, शिसे वर गेले का? तिन्ही एकत्र वाढले आणि टायटेनियम जागच्या जागी राहिले, तर माती उडालेली नाही आणि नुसते चिपाडही जळलेले नाही. कारखान्याच्या धुराड्यातली बगॅसची राख असेल तर पोटॅशियम वाढेल, जस्त-शिसे वाढणार नाही. असा वाचला तर वर्णपट प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याचीही सुटका करतो. स्वच्छ चिपाडावर काहील चालवणाऱ्याला आज शेजाऱ्याच्या पापाचा वाटा सोसावा लागतो.

दिवाळीत आणखी एक गुंता असतो. त्याच सुमारास गाळप सुरू होऊ लागते आणि फटाक्यांच्या दारूतही पोटॅशियम असते. मग वाढलेले पोटॅशियम कुणाचे? इथे मानहाइमची जुनी जोडी मदतीला येते. हिरव्या फटाक्यात बेरियम, लाल फटाक्यात स्ट्रॉन्शियम. ती दोन्ही बरोबर आली आणि रात्री बारानंतर उतरली तर फटाके. बेरियम नुसते आणि दिवसभर रस्त्याच्या बाजूने येत असेल तर ब्रेक.

बाजू कळण्यासाठी यंत्राशेजारी एक वातकुक्कुट पुरते. तासाचा आकडा आणि त्या तासाची वाऱ्याची दिशा एकत्र मांडली की नकाशावर बोट ठेवता येते. दौंड शहरात दक्षिणेचा वारा असताना एखादा धातू वाढत असेल तर शोध कुरकुंभच्या दिशेने घ्यायचा, पश्चिमेच्या वाऱ्यात वाढत असेल तर पाटस-केडगावकडे. चोवीस तासांत वारा अनेकदा फिरतो, म्हणून गाळणीच्या कागदाला ही दिशा कधीच सांगता येत नाही.

हे सगळे परदेशातले नवल आहे असे समजू नये. दिल्लीच्या हिवाळी हवेत दर तासाला मूलद्रव्ये मोजण्याचे काम क्ष-किरणांच्या यंत्रांनी झाले आहे. त्यात लेसर नसतो. कागदाच्या पट्टीवर धूळ साठते आणि तिथल्या तिथे क्ष-किरणांनी वाचली जाते. आयआयटी मद्रासचे सचिन गुंथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की दिल्लीच्या दाट धुरक्यामागे क्लोरीनचा मोठा हात आहे. प्लास्टिकमिश्रित कचरा जाळणे आणि काही उद्योग यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ येते, ती अमोनियाशी मिळते, कण पाणी शोषून फुगतात आणि समोरचे दिसेनासे होते. दिल्लीला लागू पडणारे हे रसायनशास्त्र भीमेच्या काठच्या जानेवारीतल्या पहाटेला लागू पडणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही. अमोनिया तर इथे जनावरांच्या गोठ्यांतून आणि युरियातून भरपूर आहे.

धुराड्यांचाही विचार करू. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. साखर, मद्यार्क, औषधनिर्मिती हे सारे त्यात येतात. पण धुराड्यातली ती यंत्रे धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे असे मोजतात. धातू नाही. धोकादायक कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या धुरातले शिसे, कॅडमियम, क्रोमियम लेसरने सतत मोजता येईल का, याच्या चाचण्या अमेरिकेत १९९० च्या दशकातच झाल्या. जिथे जिथे असा कचरा जाळला जातो तिथे निदान हंगामी तपासणीसाठी हे तंत्र वापरले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिब्सच्या मर्यादा मात्र लपवू नयेत. प्रत्येक जातीच्या धुळीसाठी त्याचे माप नव्याने बसवावे लागते, कारण तेवढेच शिसे मातीच्या कणात असताना आणि काजळीच्या कणात असताना रेषेची उंची सारखी येत नाही. क्रोमियम आहे एवढे ते सांगेल, पण कर्करोग करणारे सहासंयुजी क्रोमियम आणि त्या मानाने कमी धोक्याचे त्रिसंयुजी यांतला भेद त्याला कळत नाही. सगळेच अणू सुटे केल्यावर संयुगाची ओळख उरणार कशी? म्हणून गाळणीचा कागद आणि प्रयोगशाळा मोडीत निघणार नाहीत. लेसरने वेळ आणि दिशा धरायची, त्या वेळेला पडलेला कागद प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि जे सापडेल ते दप्तरी नोंदवायचे, असे हे काम दोघांच्या भागीदारीत चालेल.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत पुणे आहे, सोलापूर आहे. मधले दौंड नाही, शिरूर नाही, कारण तो कार्यक्रम शहरांचा आहे. धूर मात्र नगरपालिकेची हद्द पाहून थांबत नाही आणि गुऱ्हाळ शहरात नसते. या दोन तालुक्यांना कायमची महागडी केंद्रे लगेच मिळावीत असा माझा आग्रह नाही. पुणे जिल्ह्यासाठी एक फिरती गाडी, तिच्यात लेसरचे यंत्र आणि वातकुक्कुट, आणि ती ऑक्टोबर ते मार्च राहू बेट, कुरकुंभ, रांजणगाव, न्हावरे अशी पंधरा-पंधरा दिवस मुक्कामाला. एवढे केले तर एका हंगामात कुणाचे काय ते कळेल. पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, एआरएआय आहे, विद्यापीठ आहे. या कामाला लागणारी माणसे जिल्ह्याबाहेरून आणावी लागणार नाहीत.

ती गाडी येईपर्यंत वाचकाच्या हातात काही नाही असे नाही. २००९ च्या मानकांत शिसे, आर्सेनिक आणि निकेल यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत: शिसे वर्षाच्या सरासरीत ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक ६ नॅनोग्रॅम, निकेल २० नॅनोग्रॅम. आपल्या भागात ही तीन मूलद्रव्ये शेवटची कधी मोजली आणि किती निघाली, हे माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारता येते, ग्रामसभेत ठराव करून मागता येते. आणि धुराची तक्रार कराल तेव्हा ‘रोज त्रास होतो’ एवढेच लिहू नका. तारीख लिहा, किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला ते लिहा, वारा कुठून होता, धूर काळा होता की पांढरा, वास रबराचा होता की गोड काकवीचा, ते लिहा. चार घरांनी वेगवेगळ्या वह्यांत महिनाभर अशी नोंद ठेवली तर तपासायला येणाऱ्याला कुठल्या रात्री, कुठल्या वाटेवर थांबायचे ते आधीच कळलेले असेल.